रोगाला सरळ रेघ येत नाही

त्वचेच्या वॉर्डात सव्वीस वर्षं मलमपट्ट्या करणाऱ्या बाईला सगळे फोडमावशी म्हणत. नाव काही मिरवण्यासारखं नव्हतं, पण तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. उलट नवे डॉक्टर आले की तीच त्यांना ऐकवायची, "पुस्तक वाचा खुशाल, पण आधी फोडाला हात लावा." तिची परीक्षा सोपी होती. फोड टणक, पाण्याने तटतटलेला, रोगी म्हातारा आणि खाजेने हैराण, तर तो एक आजार. फोड लिबलिबीत, धक्का लागताच फुटणारा, तोंडही आतून सोललेलं, तर दुसरा, जिवावरचा. त्यात शेजारच्या चांगल्या कातडीवर अंगठा दाबून सरकवला की तीही सुटून येते. तिसरी जात माणसाने केलेल्या फोडांची. तिची खूण मावशी एका वाक्यात सांगायची: रोगाला सरळ रेघ काढता येत नाही.

ही खूण तिला फुकट मिळाली नव्हती. बारा वर्षांपूर्वी एक पोर आली होती. तळपायांवर फोड, सगळे गोल, सगळे एका मापाचे, विडीच्या टोकाएवढे, आणि एका सरळ रेघेत. डॉक्टरांनी संसर्ग लिहिला, मावशीने मान डोलावली, आणि पोर बापाबरोबर घरी गेली. सोळाव्या दिवशी तोच बाप तिला चादरीत गुंडाळून घेऊन आला. मावशीने चादर उघडली आणि मोरीत जाऊन भडाभडा ओकली. तेव्हापासून फोडांनी भरलेली बाई आली की मावशी आधी तिच्याबरोबरच्या पुरुषाकडे बघायची.

म्हणूनच त्या दुपारी व्हरांड्यात हाणामारी पेटली तेव्हा ती जागची हलली नाही. छाती, पोट, मांड्या फोडांनी भरलेल्या एका बाईला आत आणून निजवलं होतं, आणि बाहेर तिच्या दोघा भावांनी तिच्या नवऱ्याला धरलं होतं.

"उकळतं पाणी ओतलंस ना तिच्यावर? बोल!" थोरल्याने त्याचं डोकं भिंतीवर आपटलं.

"आईशप्पथ, मी काही केलं नाही..."

पुढचे शब्द दातांबरोबर फरशीवर पडले. धाकट्याने सलाइनचा लोखंडी स्टँड उचलला. वॉचमन मध्ये पडला तर कोपर बसून त्याचंच नाक फुटलं. रक्ताचे थेंब थेट औषधांच्या गाडीपर्यंत उडाले. मावशीला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटत होतं.

ती आत बाईकडे वळली. भावांनी खोदखोदून विचारलं तरी बाई तोंडातून चकार शब्द काढत नव्हती; नवऱ्याची दहशत, असंच त्यांनी धरून चाललं होतं. मावशीने हातमोजे चढवले. "पोरी, जरा तोंड उघड."

बाईने तोंड उघडलं. गाल, टाळू, जीभ, सगळं सोलून लालभडक. बोलायला जागाच उरली नव्हती. तिने फोडाशेजारी अंगठा दाबला, तशी चांगली कातडी ओल्या कागदासारखी सरकली. अंगावर ओतलेल्या पाण्याने तोंड आतून सोललं जात नाही.

गप्प बसावं, असं तिला क्षणभर वाटलं. मग बाहेर स्टँड हाडावर बसल्याचा आवाज आला आणि ती धावली. पडलेल्या माणसावर ती आडवी झाली, आणि पुढचा तडाखा तिच्याच खांद्यावर बसला.

"थांबा मेल्यांनो! भाजलेली नाही ती! आजार आहे, आजार!"

थोरला मागे सरकून भिंतीशी बसला. धाकटा स्टँड टाकून धावत पाणी घेऊन आला आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागला, "दाजी, चुकलं आमचं."

आत नव्या डॉक्टरांनी पेम्फिगस लिहिलं, म्हणजे मावशीचा तो दुसरा, जिवावरचा आजार. मावशीचा खांदा ठणकत होता, तरी एका हाताने तिने पट्ट्या सुरू केल्या. पुढची बाजू झाली, तसं तिने बाईला हळूच कुशीवर वळवलं.

पाठीवर फोड नव्हते. कमरेच्या वर एक डाग होता, पंधरवड्याचा असेल, खपली धरलेला. ही कड सरळ, ती कड सरळ, वर टोक. इस्त्रीचं टोक. बाईने डोळे गच्च मिटून घेतले.

"डॉक्टर, दोन्ही लिहा," मावशी म्हणाली. "आजारही आणि हेही. आणि पोलिसांना फोन लावा."

बाहेर जाऊन तिने नवऱ्याच्या ओठाशी लावलेला ग्लास हिसकावून घेतला. "याला धरून ठेवा. मारू नका, नुसतं धरा. पाठीवर इस्त्रीचा डाग आहे तिच्या."

"म्हणजे आमचं बरोबरच होतं?" थोरला उठला.

"तुम्ही न बघता मारलंत, मी अर्धवट बघून याला सोडवलं. आता गप बसा."

नवरा या वेळी शपथ घेत नव्हता. फुटलेल्या तोंडाने त्याने एवढंच विचारलं, "ती बोलली?"

मावशी आत आली. तिला एकदम दमल्यासारखं झालं होतं, आणि स्वतःची भयंकर चीड आली होती. तिने बाईच्या केसांवरून हात फिरवला. बाईने तो हात धरला, आपल्या मानेमागे केसांखालच्या खपलीवर नेला, आणि सोललेल्या जिभेने कसाबसा शब्द ढकलला.

"अजून आहेत."