सुकदेवच्या तळघरात उतरलेली लेथ

माझी शेवटची पोस्टिंग पूर्वेच्या डोंगरात होती. मी रिकव्हरी मेकॅनिक, हवालदार. रिकव्हरी म्हणजे काय ते सिव्हिलियन लोकांना सांगावं लागतं. फौजेची गाडी दरीत गेली, चिखलात रुतली, पुलावरून लटकली, की तिला बाहेर काढणारी आमची पार्टी. लढाईच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर दुसऱ्या कुणाकडे जा. माझ्याकडे गाडी ओढायची विंच, तिचा रोप म्हणजे दोर आणि चाकाखालच्या लाकडी ठोकळ्यांच्या गोष्टी आहेत.

त्याच वर्कशॉपमध्ये नायक सुकदेव होता, ट्रेडने टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड घासून भाग बनवणारा. आमची गावं शेजारी-शेजारी, खानदेशातली. त्याचे आईवडील मात्र पोटापाण्यासाठी कधीच सुरतेला गेले होते. वडील, म्हणजे आमचे अण्णा, तिथल्या एका मिलच्या मशीन शॉपमध्ये लेथवर होते. बापानेच पोराला हे काम शिकवलं. सुकदेव लेथवर उभा राहिला की तोंडाने गाणं आणि हाताने काम. साहेब ओरडायचे, "गाना बंद!" हा म्हणायचा, "सर, गाना बंद किया तो जॉब टेढा होगा." शिक्षा व्हायची. गाणं चालू राहायचं.

दरवर्षी सुट्टीवर गेला की तो सुरतेत डिंडोलीतल्या घराखाली तळघर खणायचा. लोक सुट्टीत सासुरवाडीला जातात, हा खड्ड्यात. पेन्शन आल्यावर तिथे लेथ टाकायची, बापलेकांनी लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, शाफ्ट आणि रोलर बनवायचे, असा बेत. मलाही भागीदार करून टाकलं होतं, न विचारता. "तू उचलायचं, मी घासायचं," असं म्हणायचा.

एके दिवशी सकाळी कॉल आला. गाडी रस्त्याच्या कडेवरून लटकली आहे, ड्रायव्हर आत अडकला आहे. माणसं कमी होती म्हणून सुकदेव पार्टीबरोबर आला. आम्ही रोप लावला, विंच सुरू केली. रस्त्यावर झऱ्याचं पाणी पसरलं होतं. आमच्या गाडीच्या चाकाखालचा ठोकळा त्या पाण्यावर सरकायला लागला. गाडी सरकली असती तर दोन्ही गाड्या खाली. सुकदेव धावला आणि त्याने दुसरा ठोकळा चाकाखाली घातला. गाडी थांबली. ड्रायव्हर जिवंत बाहेर आला. सुकदेव उभा होता ती रस्त्याची कड मात्र त्याच्यासकट खाली गेली.

आमच्यात प्रत्येक कामानंतर कमांडरने रेडिओवर दोन गोष्टी कळवायच्या असतात. भार आणि माणसं. कमांडर मीच होतो. मी कळवलं, "लोड ऊपर. आदमी एक कम." पलीकडून विचारलं, "फिर से बोलो." मला ते दोनदा बोलावं लागलं.

पेन्शन घेऊन मी सुरतेलाच आलो. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. इच्छापोरच्या एका कारखान्यात सिक्युरिटीचं काम मिळालं. दर रविवारी डिंडोलीला अण्णा आणि माई, म्हणजे सुकदेवची आई, यांच्याकडे जायचो. अण्णांची मिल बंद पडली होती. पोरगा गेल्यापासून त्यांनी हत्याराला हात लावला नव्हता. दिवसभर ओट्यावर बसायचे. शेजारच्या लूमची खटखट ऐकायचे. बोलायचे कमी, आणि मला ते बघवायचं नाही.

मग आमच्या कारखान्याने एक जुनी लेथ विकायला काढली. मी अण्णांना सहज बोललो. ते दुसऱ्या दिवशी बसने येऊन हजर! लेथच्या बेडवरून, म्हणजे तिच्या बिडाच्या पाठीवरून, बोट फिरवलं, कान लावून गिअर फिरवले. ते घरी गेले आणि माईंनी पाटल्या मोडून लेथ घेतली. माणूस इतक्या वर्षांनी उठून उभा राहत होता, मग कोण अडवणार?

मी म्हटलं, "अण्णा, पुढच्या खोलीत ठेवू. सोपं पडेल."

"नही," अण्णा म्हणाले. "मना पोऱ्यानी जागा खंदेल शे. तठेच."

झालं. टनाच्या वरचा बिडाचा भार, आणि तळघराचा जिना शिडीसारखा उभा. बीड पडलं की तडकतं. बेडला चीर गेली की लेथ भंगारात, पाटल्या गेल्या आणि अण्णा पुन्हा ओट्यावर. दुसरी लेथ घेण्याची ऐपत या घरात नव्हती.

रविवारी सकाळी टेम्पो गल्लीत आला. लूमवर काम करणारे तीन शेजारी मदतीला होते. त्यातला तुळशीराम आमच्याच पट्ट्यातला, अंगाने दणकट, पण उतावळा नवरा. टेम्पोवाल्याने डोक्याला हात लावला. "भाई, आ तो हाथी छे! नीचे केम जशे?"

"बसून, घसरत," मी म्हटलं.

मोटर, चक, टेलस्टॉक असे सुटे होणारे भाग आधीच उतरवून ठेवले होते. उरलेली लेथ लाकडी पाटावर बोल्टने जखडली. पाइपांवर ढकलत पुढच्या दारातून आत आणली. समोरच तळघराचा जिना. जिन्यावर दोन जाड फळ्या टाकल्या. पुढच्या दाराबाहेर चौकटीला आडवा लोखंडी गर्डर लावला, म्हणजे ताण भिंतीवर येईल. रोपाचं एक टोक पाटाला बांधलं, गर्डरला त्याचे वेढे दिले आणि शेपूट तुळशीरामच्या हातात. मग ऑर्डर दिल्या.

"फळ्या कोरड्या राहतील. पाण्याचा ग्लाससुद्धा इथे आणायचा नाही. भाराच्या खाली कुणी उभं राहणार नाही. अण्णा, तुम्हीसुद्धा नाही. मी सोड म्हटलं की रोप सोड, थांब म्हटलं की थांब. कळलं?"

"कळलं, साहेब!"

"मी साहेब नाही. हवालदार आहे. काम करतो."

लेथ जिन्याच्या तोंडावर आली, पाटाचं पुढचं टोक फळ्यांवर टेकलं. मी गर्डरपाशी वेढे तपासत होतो. तेवढ्यात माई स्वयंपाकघरातून आल्या. डोक्यावर पदर, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या. तुकडा लेथवरून ओवाळला. आणि मी "माई!" म्हणेपर्यंत तांब्या लेथच्या पायांवर रिकामा झाला होता. आपल्यात दारात आलेल्या सुनेचं, लेकाचं करतात तसं. कुणीही अडवलं नाही. तुळशीरामने तर हात जोडायला रोप सोडायला घेतला होता!

"रोप पकड, गाढवा!" मी ओरडलो.

"आरे भाऊ, घरमा नवं कोनी उनं ते पायवर पानी टाकतस ना!" माई म्हणाल्या.

फळ्या सारख्या भिजल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पण पाणी एकाच फळीवरून ओघळलं. त्या बाजूने पाट सर्रकन पुढे गेला, कोरडी बाजू मागे राहिली. लेथ वाकडी झाली. एक कोपरा फळीच्या काठाबाहेर आला.

"थांब!"

रोप थांबला, वेढ्यांनी भार धरला. पण आता जिन्यावर अडकलो होतो. रोप सोडावा तर ओली बाजू आणखी सरकणार आणि लेथ आडवी कोसळणार. वर ओढायला ताकद नव्हती. तुळशीराम पाय भिंतीला रोवून मागे रेलला होता. मी पाहिलं तर अण्णा ठोकळा घेऊन भिंतीला घासत फळीच्या कडेने खाली उतरायला निघाले होते.

पाणी, लाकूड, ठोकळा घेऊन धावणारा माणूस. तोच चेहरा, फक्त म्हातारा.

"अण्णा! जागेवर थांब! ऑर्डर आहे!"

मी त्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं. अण्णा थांबले. ठोकळा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "कोरडं काहीतरी पाहिजे. वाळू, भुसा, काहीही."

माईंना सगळं कळलं होतं. त्या आत गेल्या आणि भांडी घासायच्या राखेचा डबा घेऊन आल्या. जिन्याच्या तोंडाशी, भाराच्या वरच्या बाजूला बसून त्यांनी हात लांबवला आणि ओल्या फळीवर मूठ मूठ राख फेकली. अगदी पाटाच्या पुढ्यात, जिथे पाहिजे तिथे. डबा रिकामा होईपर्यंत थांबल्या नाहीत. पाणी राखेने पिऊन टाकलं.

मी पहार घेऊन कोरडी बाजू रेटली. "तुळशीराम, वीतभर सोड. थांब."

पाट राखेवर गेला आणि राखेने तो धरला. कोरडी बाजू हळूहळू पुढे आली. कोपरा परत फळीवर चढला. लेथ सरळ!

"धरनं, धरनं!" माई टाळ्या पिटायला लागल्या.

"सोड. थांब. सोड. थांब." त्यानंतर एवढंच बोलत होतो. लेथ सुकदेवने खणलेल्या तळघरात उतरली, त्याने ओतून ठेवलेल्या काँक्रीटवर पोचली आणि अंग टेकून बसली. मी दिवा धरून बेड इंच-इंच पाहिला. कुठे ओरखडाही नव्हता. तुळशीराम जिन्यावरूनच ओरडला आणि सगळी गल्ली दारात गोळा झाली. टेम्पोवाला भाडं घेऊनही गेला नव्हता, शेवट बघायला थांबला होता. मला इतका आनंद झाला होता की राखेने माखलेल्या माईंच्या पाया पडलो आणि नंतर रागावलो. त्या म्हणाल्या, "पानी मीच टाकं ना? मंग राख कोन टाकीन?"

काम करणारे सगळे खाली आले. अण्णांनी लेथच्या डोक्यावर, हेडस्टॉकवर, हात ठेवला आणि स्पिंडल हाताने फिरवला. तो गुळगुळीत फिरला. किती वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू बघत होतो.

"भाऊ," ते म्हणाले, "तुमना फौजमा काम झायं का काय सांगतस?"

मी सावधान उभा राहिलो. ते वाक्य त्या डोंगरानंतर माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. आता म्हटलं, "भार जागेवर. माणसं..." मी मोजली. माई, अण्णा, तुळशीराम, दोघं शेजारी, मी. "माणसं पूर्ण. सहा."

अण्णांचा हात स्पिंडलवरच होता. त्यांनी मान हलवली.

"ही जागा कोनी खंदी?" ते म्हणाले. "सात म्हन."

मी टाचा पुन्हा जुळवल्या.

"भार जागेवर. माणसं पूर्ण. सात."