चकलीच्या डब्यातली लोकशाही

डबा उलटा धरायचा, बुडावर तीनदा टिचकी मारायची आणि म्हणायचं, “बघून घ्या. रिकामा आहे.” जर्मनीतल्या एर्लांगेनच्या आमच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत काकांचा हा कार्यक्रम ठरलेला. मतपेटी म्हणजे चकलीचा स्टीलचा डबा. काका वैद्यकीय यंत्रांच्या कंपनीत तपासणी खात्यातून निवृत्त झालेले. नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायचं वळण त्यांना नव्हतंच.

तुमच्याही मंडळात असे एक काका असतील. सगळे त्यांना मान देतात, कारण मान द्यायला काही लागत नाही.

मंडळात दोन पॅनेलं. एर्लांगेनवाल्यांना गणपती पाच दिवसांचा हवा, शेजारच्या न्युरेम्बर्गवाल्यांना दीड. एवढ्या थोर तत्त्वासाठी माणसं एकमेकांच्या बारशाला जाईनाशी झाली होती. मी आणि काका पाच दिवसांच्या बाजूचे.

त्या वर्षी आमच्या अध्यक्षांनी मतदानाच्या आदल्या दिवशी न्युरेम्बर्गच्या अकरा जणांची नावं यादीतून उडवली. कारण काय, तर फॉर्म्युलार नीट भरलेला नाही. सभेत काका उभे राहिले. “सदस्य काढायचा अधिकार सभेला आहे, अध्यक्षाला नाही. मी पाच दिवसांचाच आहे, पण आज माझं मत न्युरेम्बर्गला.”

चहाच्या सुट्टीत आम्ही एकेक करून त्यांना भेटून आलो. “गेनाऊ, अगदी बरोबर, काका!” “कुणीतरी बोलायलाच हवं होतं, काका!” मी तर त्यांचा हात हातात घेतला. “काका, मी तुमच्याबरोबर.”

मग आत जाऊन चिठ्ठीवर अध्यक्षांचंच नाव लिहिलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दीड दिवसाचा गणपती म्हणजे काय चेष्टा आहे?

मोजणी काकांनीच केली. न्युरेम्बर्गचे उरले होते चौदा जण. त्यांना मतं पडली पंधरा, आम्हाला बावीस. काकांनी डबा उलटा करून बुडावर तीनदा टिचकी मारली. काही पडलं नाही.

निघताना ते माझ्या सायकलपाशी आले. “तुझी चिठ्ठी डब्यात कुठेतरी चिकटली असेल रे,” म्हणाले. टोमणा होता की माया, मला अजून कळलेलं नाही. लाज मात्र वाटली, मतमोजणी संपल्यावर.

पुढे काका मुलीकडे बर्लिनला राहायला गेले. त्यानंतरच्या सभेत मतदान हात वर करून झालं, वेळ वाचतो म्हणून. डबाही आला होता, चकल्यांनी भरलेला. तो माझ्यापाशी आला तेव्हा अध्यक्षांचं नाव पुकारलं जात होतं. मी उजवा हात वर केला आणि डाव्या हाताने चकली घेतली.