कापला गेलेला काना

आमच्या गझल मंडळाच्या कार्यक्रमांची पत्रकं मी मोबाइलवर करायचे. खर्च वाचावा म्हणून एका कागदावर चार बसवली आणि अक्षरं अगदी कडेपर्यंत नेली. छापखान्यात कापताना शेवटचा काना गेला आणि सभागृहाच्या नावापुढच्या ‘बुधवारा’ या मोहल्ल्याचं ‘बुधवार’ झालं. कार्यक्रम होता शनिवारी; पत्रकावर वार नव्हता, नुसती तारीख. ती बघण्याआधी लोक ‘बुधवार’च वाचणार.

कळलं तेव्हा अर्धी पत्रकं शेजारच्या दापोरा गावात वाटून झाली होती. उरलेल्यांवर पेनाने काने काढले, तरी जीव थाऱ्यावर येईना. बुधवारी संध्याकाळी मी बुधवाऱ्यात जाऊन सभागृहासमोर फेऱ्या मारत राहिले.

सहाला एक वयस्कर जोडपं आलं. “बेटा, गाण्याचा प्रोग्राम इथंच आहे ना?” काकूंनी पत्रक दाखवून विचारलं.

मी चूक कबूल केली.

“शनिवारी तर आमच्याकडे साखरपुडा आहे,” काका हळूच म्हणाले.

मी त्यांना तशीच जवळच्या लोधीपुरा मोहल्ल्यात आमच्या गायकांच्या घरी घेऊन गेले. सगळं ऐकून गायक हसले आणि त्यांनी पेटी काढली. पहिल्याच गझलेला काकूंनी डोळे मिटले. मला मात्र बसवेना. अजून कोणी तिथे येऊन उभं असेल तर? दुसरी सुरू होताच मी चपला घालून पुन्हा बुधवाऱ्याकडे निघाले.