माफीनामा सविस्तर लिहावा

दहावीच्या वर्षी, जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी, शिरूर तालुक्यातल्या आमच्या शाळेने मला वर्गाबाहेर काढलं. कारण होतं व्हॉट्सॲपचं स्टेटस. आईचा फोन शाळेत नेऊन मी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराचा फोटो काढला आणि टाकला होता. दाराला कुलूप होतं. खाली लिहिलं होतं, 'तिसरा आठवडा'.

त्याच दिवशी दोन मुलांनाही बोलावलं होतं. त्यांनी वर्गातल्या एका मुलीचा चेहरा घाणेरड्या चित्रावर चिकटवून ग्रुपवर फिरवला होता. ऑनलाइन छळाबद्दलचा नियम शाळेने नुकताच केला होता. आम्हा तिघांना तोच लावला. शिक्षाही एकच, परिपाठाला माइकवर माफीनामा वाचायचा. नाही वाचला तर बोर्डाचं हॉल तिकीट मिळणार नाही. मुलांनी मंगळवारी वाचला आणि वर्गात जाऊन बसले.

मी नकार दिला. बुधवारी आईला बोलावलं. मुख्याध्यापकांशेजारी शाळा समितीचे अध्यक्ष बसले होते. गाव त्यांना आप्पा म्हणतं.

"पोरी, चार ओळी लिही आन् मोकळी हो," आप्पा म्हणाले. "त्या पोरांनी न्हाई का दिलं लिहून?"

"त्यांनी खोटं टाकलं होतं, आप्पा. मी खरं टाकलं."

"लई बोलती ही," ते आईकडे वळले. "गावाची शाळा हाय. अब्रू जाती गावाची."

"कुलपानं न्हाई जात व्हय?" आई म्हणाली. "पोरी सकाळपास्नं पाणी पीत न्हाईत, आप्पा. तुमची नातबी."

आप्पांनी चहा मागवला.

मुख्याध्यापकांनी नियमाचा कागद पुढे सरकवला. पूर्वी मुलं 'चूक झाली' एवढंच लिहून सुटायची, म्हणून त्यांनी त्यात घातलं होतं: घटना सविस्तर लिहावी, ठिकाण व वेळेसह. मी तो वाचला आणि लिहीन म्हणाले.

गुरुवारी परिपाठाला मी दीड पान वाचलं. कुलूप कोणत्या तासांना होतं, चावी मागितल्यावर कोण काय म्हणालं, कोणत्या मुली मधल्या सुट्टीत घरी गेल्या आणि परत आल्याच नाहीत. स्पीकरचं तोंड बाजारपेठेकडे होतं. शेवटच्या दोन वाक्यांआधी माइक बंद झाला. ती मी ओरडून वाचली: "शाळेत फोन आणला, त्याबद्दल माफी मागते. फोटोबद्दल मागत नाही."

शनिवारी हॉल तिकीट मिळालं. सोमवारी फलकावर सूचना लागली: माफीनामे यापुढे कार्यालयात लेखी द्यावेत, परिपाठात वाचू नयेत.