भित्रा शिपाई

जळकोटच्या माळावर रविवारी आम्ही काहीजण फोमच्या तलवारी घेऊन काल्पनिक राज्याचा खेळ खेळतो. ज्यानं त्यानं आपलं पात्र स्वतः रचायचं. बहुतेक सगळे सरदार नाहीतर जादूगार झाले. गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर मात्र म्हणाले, "मी भित्रा शिपाई. आरडाओरडा झाला की पळणार."

उधळलेला बैल शिंगाला धरून थोपवणारा हा माणूस! पण पात्र त्यांनी मन लावून रचलं. चालताना ते सारखे मागं बघत, बोलताना आवंढा गिळत. आम्ही लई हसायचो.

परवा शत्रूनं आम्हाला घेरलं. दिवस मावळेपर्यंत राज्याचा मणी राखला तरच आम्ही जिंकणार होतो. मी राणी होते. ओरडले, "भाऊ, आज तरी लढा!"

"न्हाय जमायचं, राणीसाहेब. मी भित्रा हाय."

आधी राग आला, मग एकदम सुचलं. मणी त्यांच्या मुठीत कोंबून मी म्हणाले, "मग पळा!"

ते असे पळाले की कुणाला गावलेच नाहीत. अंधारताना ओढ्यापलीकडच्या तुरीत दडलेले सापडले.

"भाऊ, आपण जिंकलो!"

"व्हय, पण शत्रू गेला का?" त्यांनी तुरीतूनच विचारलं.