सिस्टरबाईंची परात

"बघा ना, नातवाचा फोटो," म्हणत कुणी मोबाईल पुढे केला की सिस्टरबाईंचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे जात. कुणी विंचू दाखवल्यासारख्या त्या एक पाऊल मागे सरत आणि विचारत, "पुसला कवा?" बहुतेकांनी तो घेतल्या दिवसापासून पुसलेला नसे.

मूळच्या हदगावच्या सिस्टरबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन नांदेडला लेकीसोबत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. पर्समध्ये स्पिरिटची बारकी बाटली आणि चष्म्याचा पिवळा कपडा. मोबाईल आधी बंद करायचा, मग दोन थेंब कपड्यावर टाकायचे, मोबाईलवर कधीच नाही. "त्याच्या कानात पानी गेलं की बहिरा होतो." आणि पुसायचं मधून बाहेर, गोल गोल, सुई टोचण्याआधी दंड पुसतात तसं. काच अशी लख्ख व्हायची की माणूस त्यात भांग पाडेल.

मी शाळामास्तर, मला चारचौघांत प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची नाही. एकदा गल्लीत सगळ्यांसमोर बाईंनी विचारलं, "सर, मोबाईल संडासात न्हेताव का?" मी नुसता हसलो. "हात धुऊन येताव, आन् त्यो तसाच येतो. मंग हात कशाला धुतलाव?" त्या दिवसापासून माझ्या मोबाईलातले फोटो त्या लांबूनच बघत.

पण हसण्यावारी नेलेली ही सवय आमच्या कामी आली. आमची चिमी आठव्या महिन्यातच जन्मली. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, जंतूंपासून जपा. आमच्याकडे मात्र बाळ बघायला कुणी रिकाम्या हाती येत नाही, आणि हल्ली बाळाच्या नाकाशी मोबाईल धरून पुण्याच्या आत्याला दाखवल्याशिवाय जातही नाही. सिस्टरबाईंनी आमचीच परात मांडीवर घेतली आणि दारात स्टूल टाकून बसल्या. आधी साबणानं हात, मग मोबाईल परातीत. पुसून झाला की मिळणार.

लोह्याहून बायकोचे मामा आले. तिला वडील नाहीत; मामांनीच तिचं लग्न लावून दिलेलं. परात बघून त्यांनी स्वतःच मोबाईल खांद्यावरच्या दस्तीनं, म्हणजे रुमालानं, खसाखसा पुसला.

"मामा, ह्या दस्तीनं सकाळपासून काय काय पुसलंव?"

मामा खरा माणूस. "तोंड. गाडीची सीट. एस्ट्यांडात एका लेकराचं नाक," त्यांनी सांगितलं, आणि लोक हसले तसे भडकले. "आमी काय रोगट हाव का? लेकीच्या घरी आमचीच झडती?" ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. चहाला शिवेनात. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मामा तसेच उठून गेले असते तर तिचं माहेर तुटलं असतं, आणि तसंच आत घ्यावं तर पोरीच्या जिवाशी खेळ.

सिस्टरबाई परात घेऊन ओट्यावर गेल्या. मामांशेजारी बसून त्यांनी परातीत पहिल्यांदा स्वतःचा मोबाईल ठेवला आणि पुसला. "ह्यो माझा. रोगट म्हनलं तर मीबी हाय मंग. पेटीतून जितं घरी गेलेलं लेकरू परत पेटीत आल्यालं मी लई डाव पाह्यलंय, मामा. हिचं तसं नगं."

मामांनी मोबाईल परातीत ठेवला. वर दस्तीही ठेवली. संध्याकाळपर्यंत स्टुलावर मामाच होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दरडावत होते, "थांबा! पुसला कवा?"

चिमी आता तीन वर्षांची आहे, आणि दंगेखोर. गेल्या महिन्यात सिस्टरबाईंच्या लेकीची लातूरला बदली झाली, म्हणून त्याही निघाल्या. सामान टेम्पोत चढलं. तेवढ्यात चिमीनं त्यांच्या हातातला मोबाईल ओढून घेतला. त्यावर "हाऽ" करून वाफ सोडली. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून थुंकली. मग फ्रॉकच्या टोकानं पुसला, मधून बाहेर, गोल गोल.

सिस्टरबाईंचा हात पर्सकडे गेला, आणि तसाच परत आला.

"द्या, पुसून देतो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या, सर. पुसलाय की तिनं," त्या म्हणाल्या, आणि मोबाईल तसाच गालाला लावून टेम्पोत बसल्या.