भिकाआबांच्या खाचरातली सभा

गावचा कोण आणि बाहेरचा कोण, हे तुम्ही कशावरून ठरवता? मी जन्मगावावरून ठरवत होतो आणि तसे छापूनही वाटत होतो.

बेडशाचे भिकाआबा माणसाच्या तोंडाआधी पायांकडे पाहायचे. "त्वांड काय, सभंला येगळं, घरी येगळं. पाय न्हाई खोटं बोलत," असे त्यांचे शास्त्र होते. माझ्या कोऱ्या वहाणांकडे पाहून ते पहिल्याच भेटीत गालात हसले होते.

लोकल बोर्डाची निवडणूक होती. आमचे उमेदवार जन्माने मावळचे, मुक्काम मात्र शेतांपासून लांब, तुंगार्लीच्या थंड हवेतल्या बंगल्यात. पत्रक माझे: "मावळ मावळ्यांचा! परक्याच्या दुकानाची पायरी चढू नका!" बेडशात परका एकच, कासमभाई. वीस वर्षांपूर्वी घाटाखालून येऊन त्यांनी किराणा मांडला होता. आठ दिवसांत दुकान ओस पडले. माझ्या लेखणीची ताकद पाहून मी खूश होतो.

सभेच्या दिवशी आबांच्या शेतात इर्जिक होती. इर्जिकीत मजुरी नसते. आज सगळे गाव तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही दुसऱ्याच्या, जेवण मालकाचे. आम्ही बांधावरच सभा घेतली. उमेदवार मातीवर तासभर बोलले. लोकांनी टाळ्या दिल्या.

आबा म्हणाले, "सायेब, लय ग्वाड बोललात. आता खाली उतरा, चार मुठी रोप लावा."

साहेबांनी बुटांकडे पाहिले. तत्त्वाचा प्रश्न होता, म्हणून मीच उडी मारली. मी लावलेली रोपे पाण्यावर तरंगू लागली.

"आरं लेका, भात लावतुयास का पत्रकं चिकटिवतुयास?" आबा म्हणाले आणि अख्खे खाचर हसले.

मग त्यांनी ओळीवरून नजर फिरवली. "कासम कुटंय?"

एक बाई हळूच म्हणाली, "गाडी भरत्यात आबा. गाव सोडून निघाल्यात."

"वीस वरसं त्यानं एक इर्जिक चुकिवली न्हाई. त्यो आल्याबगर भाकरीचं फडकं सुटायचं न्हाई." आबा माझ्याकडे वळले. "तू घालिवलास, तूच आण."

मी गेलो. गाडीला बैल जुंपलेले होते. कासमभाईंनी माझ्या गुडघाभर चिखलाकडे पाहिले. "आबांनी उतरिवलं व्हय?" मी मान डोलावली. मग त्यांनी बैल सोडले आणि विजार वर खोचली. खाचरात येऊन माझी तरंगती रोपे त्यांनीच वेचून पुन्हा लावली.

उमेदवार निवडून आले. इतर गावांनी टाळ्यांबरोबर मतेही दिली. बेडशाने फक्त टाळ्या दिल्या.

आबा दोन वर्षांपूर्वी गेले. खांदा देणाऱ्यांत कासमभाई पुढे होते. मी अजून पत्रके लिहितो, त्यामुळे माझा फार भरवसा धरू नका. 'अमका बाहेरचा' असा कागद घेऊन कुणी तुमच्या बांधावर आला, अगदी मी आलो तरी, त्याला आधी खाचरात उतरवा.